कोपऱ्यातली चीर

यांनी शाळेतले खडू मागितले तेव्हा मला वाटलं, मुलीला अक्षरं गिरवायला हवे असतील. मी पंचवटीत, घराजवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. खडूचे तुकडे माझ्या पिशवीच्या तळाशी कायम असायचे. ते मी काढून दिले.

“तुकडे नकोत. पांढरे, चांगले डबाभर हवेत,” हे म्हणाले. “आणि घरात रॉकेल किती आहे?”

सत्तरचं दशक सरत आलं होतं. रॉकेल रेशनवर मिळायचं आणि आमचा स्टोव्ह त्यावर चालायचा. खडूंचं मी हसण्यावारी नेलं असतं, पण रॉकेल ऐकून हातातलं काम थांबवलं.

“कशाला?”

“माल तपासायचाय.” एवढंच सांगून हे सायकलला बाटली अडकवून निघून गेले.

हे सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. कारखाना काही फार मोठा नव्हता. जाड पत्रा प्रेसखाली धरून न तापवता, थंडच वाकवायचा, त्याचे पन्हळीसारखे चॅनेल करायचे, आणि त्या चॅनेलचे खांब नि छपराच्या कैच्या जोडून गोदामं, शेड उभ्या करून द्यायच्या. माल बाहेर पडण्याआधी त्याच्या कागदावर यांची सही लागायची. मामंजींना या सहीचं फार कौतुक. मामंजी स्वतः गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यजमानांची दहाव्याची, श्राद्धाची कामं करत. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. एकुलता एक मुलगा डिप्लोमा करून, पँट घालून सातपूरला जायला लागला, तेव्हा मामंजी गल्लीत सांगत, “आमच्यातला एक जण सुटला.” त्यात दुःख नसायचं.

त्या दिवशी हे परत आले ते मुलीला हाक न मारताच. हात दोनदा धुतले तरी रॉकेलचा वास जाईना. जेवताना मी विचारलं तेव्हा बोलले. सायखेड्याच्या पुढच्या एका गावात कांद्याच्या बाजारासाठी शेड व्हायची होती. तिचे खांब वाकवून झाले, जस्ताचा मुलामा द्यायला मुंबईकडे गेले, आणि चांदीसारखे चमकत परत आले. सगळे खूष. यांना मात्र एका खांबाच्या कोपऱ्यात, पत्रा वळतो त्या ठिकाणी, केसासारखी बारीक रेघ दिसली. बाकीचे म्हणाले, जस्ताचा ओघळ असेल. यांनी तिच्यावर रॉकेल लावलं, कोरडं पुसून घेतलं आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं त्या पांढऱ्या पुडीतून ओली रेघ वर आली. म्हणजे रॉकेल आत शिरलं होतं. म्हणजे ती चीर होती.

“एकालाच?” मी विचारलं.

“बऱ्याच जणांना,” हे म्हणाले. खांबांना यांनी ‘जण’ म्हटलं ते मला तेव्हाही जाणवलं होतं.

पुढच्या रविवारी यांनी हातभर लांबीचा एक चॅनेल घरी आणला आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी बसून करवतीनं उभा कापायला घेतला. पातं आडवं लावून, कोपऱ्याच्या रेषेवरून. मी टोक धरून बसले होते. मामंजी ओट्यावर दर्भाची पवित्रकं वळत होते. करवत निम्म्याच्या पुढे गेली आणि कापलेली पट्टी आपोआप वर उचलली गेली, वाकली, आणि पातं त्या फटीत मोकळं खुळखुळायला लागलं. मी दचकून हात मागे घेतला.

“याच्यावर काही वजन होतं?” यांनी विचारलं.

“नाही.”

“मग ही कशानं उचलली गेली?” उत्तराची वाट न बघता यांनीच सांगितलं. “पत्रा थंड वाकवला की तो परत सरळ व्हायला बघतो. थोडा होतोही. पुरता होता येत नाही. जे राहिलं ते आतल्या आत ओढत राहतं. वरून बघशील तर गप्प. रेसिड्युअल स्ट्रेस म्हणतात त्याला.”

“उरलेला ताण,” मी म्हटलं.

“हो. वाकवलेल्या प्रत्येक पत्र्यात तो असतोच. तो धरून हिशोब करायचा. पण आमच्याकडे कोपरा फार तीक्ष्ण वाकवतात, दिसायला सुबक दिसतो म्हणून. तिथला पत्रा आधीच कडक होऊन बसलेला. तसाच वितळलेल्या जस्तात बुडवला. काय होणार? वळण जरा मोठं ठेवायचं, नाहीतर आधी भट्टीत तापवून तो ताण काढून टाकायचा.”

मामंजींनी मान वर केली. “मग आता?”

“सही करणार नाही,” हे म्हणाले.

कारखान्याचा मालक वाईट माणूस नव्हता. मुलगी झाली तेव्हा त्यानं घरी पेढे पाठवले होते. यांचं म्हणणं त्यानं पुरतं ऐकून घेतलं, वर एका जुन्याजाणत्या इंजिनिअरला बोलावून खांब दाखवले. त्या गृहस्थांनी बसून हिशोब केला आणि सांगितलं की वजन हलकं आहे, चिरा लहान आहेत, शेड उभी राहील. मालक यांना म्हणाला, “अहो, पत्र्याचं छप्पर पेलायचंय, आगगाडी नाही. यापुढे वळण मोठं ठेवू. तुमचं बरोबर आहे. पण हा माल आता जाऊ द्या.”

आणि खरंच, पुढच्या मालाला त्यानं वळण मोठं ठेवलं. यांचं म्हणणं पुढच्या सगळ्या मालासाठी खरं ठरलं आणि याच एका मालासाठी खोटं. यांना ते कधी पचलं नाही. सही दुसऱ्या कुणीतरी केली. ट्रक गेले. यांना कुणी काढलं नाही, कुणी वाकडं बोललंही नाही. एका सकाळी यांनी सायकल काढली, दारापर्यंत नेली, आणि परत भिंतीला टेकवून ठेवली.

शेड उभी राहिल्यावर हे त्या गावी गेले. बाजाराचे जे पुढारी होते त्यांना खांबाजवळ नेऊन कोपऱ्यातली रेघ दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं.

“तुमी त्याच कारखान्यात हाये ना?”

“होतो. सोडला.”

“का बरं सोडला?”

“याच्यासाठीच.”

“हां,” पुढारी म्हणाले. “म्हंजे मालकाशी भांडण झालं.” आणि चहा मागवला. चहा पिऊन हे परत आले. मला सांगताना म्हणाले, “चहा चांगला होता.” मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, दिवसा, जे यांनी कधी केलं नव्हतं.

यांनी नंतर नोकऱ्या केल्या नाहीत असं नाही. अंबडला एका वर्कशॉपमध्ये होते, मग एका पंपांच्या दुकानात. कुठेच फार टिकले नाहीत. कुठेही गेले की आधी कोपरे बघायचे. माणसं कंटाळायची. माझ्या शाळेच्या नोकरीवर घर चाललं आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी ब्र काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटायचं.

खरा त्रास वाऱ्याचा होता. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ काळवंडून वारा सुटला, खिडकीची दारं आपटायला लागली की हे उठायचे, चपला घालायचे आणि स्टँडवर जाऊन सायखेड्याची एसटी पकडायचे. पहिल्यांदा मला वाटलं, राहवलं नाही म्हणून गेले. मग प्रत्येक वादळाला जायला लागले. संध्याकाळी भिजलेले परत यायचे. मी विचारायची, “काय?” हे म्हणायचे, “उभी आहे.”

‘उभी आहे’ म्हणताना यांचा चेहरा कसा असायचा ते मी बघायची. त्यात सुटल्याचा भाव असायला हवा होता. तो मला कधी दिसला नाही.

एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मीही बरोबर गेले. मुलीला मामंजींजवळ ठेवलं. यांनी नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. गावात उतरलो तेव्हा धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. बाजाराचा दिवस होता. बैलगाड्या, ट्रॅक्टर, कांद्याचे ढीग, आणि त्या सगळ्यांवर ती शेड. मी तिच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की माझ्या मनात ती केवढीतरी मोठी झाली होती. प्रत्यक्षात साधी, चारी बाजूंनी उघडी, आमच्या शाळेच्या अंगणात मावली असती एवढी.

टपोरे थेंब पडायला लागले आणि बाजारातली सगळी माणसं पळत शेडखाली गेली. आता वाटतं, त्यात नवल काय, शेड त्यासाठीच असते. पण हे तिथेच उघड्यावर थिजून उभे राहिले. मग गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज उठला की माणूस कानात ओरडला तरी ऐकू येऊ नये. वाऱ्यानं छपराची एक कड वर उचलली जायची आणि धाडकन खाली बसायची.

हे धावत शेडच्या कडेपर्यंत गेले आणि हात हलवून ओरडायला लागले, “बाहेर या! सगळे बाहेर या!”

माणसं यांच्याकडे बघत राहिली. गारा पडताहेत आणि एक माणूस डोकं फोडून घेत बाहेर बोलावतोय. कुणीतरी हसलं. एका हमालानं यांचा दंड धरला आणि आत ओढलं. “ओ काका, आत व्हा, लय लागंल!” हे सुटायला बघत होते. लेकराला पदराखाली घेतलेली एक बाई माझ्याजवळ उभी होती, तिनं मला हळूच विचारलं, “तुमचंच माणूस का? डोक्यावर परिणाम झालाय का त्यांच्या?”

“नाही,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? मी यांच्याजवळ गेले आणि यांचा दुसरा हात धरला. आम्ही शेडखाली उभे राहिलो. हे वर बघत होते, सारखे, एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे. मी मात्र माणसांकडे बघत होते. हातावर तंबाखू मळत, एकमेकांच्या अंगावर रेलून, कांदा भिजला म्हणून शिव्या घालत उभी होती ती सगळी.

पाऊस थांबला. शेड उभी होती. माणसं परत आपापल्या ढिगांकडे गेली. जाताना तो हमाल यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय नाय होत, काका. घरी जा.”

परतीच्या एसटीत आमच्या अंगावरचे कपडे ओलेच होते. यांच्या कपाळाला गार लागून टेंगूळ आलं होतं. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, “अहो, ती पडावी असं वाटतं का तुम्हाला?”

यांनी ओल्या रुमालानं टेंगूळ दाबून धरलं. मी विचारायला नको होतं असं मला वाटलं, पण न विचारून किती दिवस काढणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“वाटलं होतं,” हे म्हणाले. “बाजार नसताना. कुणी म्हणता कुणी नसताना. नुसतीच, आपली आपण पडावी. म्हणजे मग...” मी पोळी तव्यावर टाकली. यांच्याकडे बघितलं असतं तर यांना रडू आलं असतं, आणि ते यांना माझ्यासमोर नको होतं.

त्यानंतर हे वादळाला जाईनासे झाले. जायचे नाहीत, पण वारा सुटला की घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे. मुलगी तेव्हा मोठी होत होती. ती मैत्रिणींना सांगायची, “आमच्या बाबांना वाऱ्याची भीती वाटते.” मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

मग मामंजींचा हात थरथरायला लागला. पळीतलं पाणी यजमानाच्या तळहातावर पडायच्या ऐवजी बाहेर सांडायचं. एका सकाळी त्यांना गंगेवर पोचवायला म्हणून हे गेले आणि त्यांच्याऐवजी बसले. मंत्र लहानपणीच पाठ झालेले होते. दुसऱ्या दिवशी परत गेले. असं करत करत पँट खुंटीला लागली ती लागलीच. हे काम यांनी फार नेमकं केलं. घाईतल्या यजमानानं एखादी गोष्ट गाळायला सांगितली तरी हे गाळत नसत. काहींना ते आवडायचं, काही दुसऱ्याकडे जायचे. कुणी जवळचं माणूस गमावून आलेलं, धड उभं राहता येत नसलेलं, अशांशी हे फार हळू बोलत. ते मात्र कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

मामंजींनी यांना एकदाच काही म्हटलं. अखेरच्या आजारपणात, मी पायाशी बसलेली असताना. “मला वाटलं होतं तू सुटलास,” म्हणाले. हे त्यांना पाणी पाजत होते. वाटी तोंडाशी तशीच धरून ठेवली आणि म्हणाले, “अण्णा, पाणी घ्या.” मामंजींचं दहाव्याचं कार्य यांनीच केलं. मंत्र सांगायलाही दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा सायखेड्याकडचा एक यजमान कार्याला आला. काम आटोपल्यावर बोलता बोलता म्हणाला, “आमच्याकडं आता पक्की शेड झाली बाजाराला, शिमिटाची. जुनी काढून टाकली.” हे घरी आले ते जेवलेच नाहीत. “उद्या जाऊन येऊ,” म्हणाले. या वेळी ‘येऊ’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. जुन्या शेडच्या जागी सिमेंटचे जाड खांब उभे होते. पूर्वीची शेड किती जागेवर होती तेही आता कळत नव्हतं. हे तिथे गोल फिरले, जमिनीकडे बघत. मग ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या हमालाला विचारलं, “इथली जुनी शेड होती ना, तिला काही झालं होतं का? मोडली वगैरे?”

“मोडली? नाय बा. ठणठणीत व्हती. जागा पुरंना म्हणून काढली.”

“काढताना खांबांना काही दिसलं का? कोपऱ्यात?”

हमालाला प्रश्न कळला नाही. “खांब काय, खांबासारखे खांब.”

“मग ते लोखंड कुठं गेलं?”

“इकलं. ज्याला जसं लागंल तसं नेलं. कुनी गोठ्याला, कुनी कांदा ठिवायच्या चाळीला, कुनी पडवीला. लय लांब लांबची मान्सं आलती.” त्यानं हात फिरवून चारी दिशा दाखवल्या.

“कुणी कुणी नेलं, कुणाला सांगता येईल?”

“आता ते कसं सांगावं?”

यांनी त्या चारी दिशांना एकदा बघून घेतलं. मला वाटलं, आता हे एकेका वस्तीवर जातो म्हणतील, आणि मी मनात तयारी करायला लागले की कसं अडवायचं, की बरोबरच जायचं. पण हे म्हणाले, “चल. एसटी चुकेल.”

गाडीत खिडकीजवळ मी बसले, हे माझ्या शेजारी. गाव मागे पडायच्या आत यांचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं, मान माझ्या खांद्यावर. इतकी गाढ झोप यांना कित्येक वर्षांत लागलेली मी बघितली नव्हती. कंडक्टर तिकिटं फाडत आला तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं.

मग बाहेर बघायला लागले. रस्त्याच्या कडेला एक गोठा गेला, पत्र्याचा. गाय बांधलेली होती, खाली एक म्हातारी शेण भरत होती. पुढे कांद्याची चाळ. तिच्या पुढे कुणाची तरी पडवी, तिच्यात पाळणा टांगलेला. प्रत्येकाचे खांब मी बघत होते. काही रंगवलेले, काही गंजलेले, काही चकचकीत. गाडी पळत होती आणि कोपरे काही दिसत नव्हते.